आत्याचा जिना आणि स्टॅम्प ड्युटी

परवा विक्रोळीला आत्याकडे गेले होते. कन्नमवार नगरात. ही वसाहत म्हणजे जुन्या हाउसिंग बोर्डाच्या बिल्डिंगा, कंपनीच्या भोंग्यावर चालणारी घरं, खाली भाजीवाल्या आणि संध्याकाळी कट्ट्यावर रिटायर मंडळी. वसाहतीला नाव दिलंय ते राज्याचे दुसरे मुख्यमंत्री मारोतराव कन्नमवार यांचं. आत्या लग्न होऊन याच घरात आली, तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट नाही.

दार उघडलं ते आतोबांनी. आत्या गॅलरीत उभी राहून दोरीला बांधलेली टोपली खाली सोडत होती. टोपलीत पन्नासची नोट. खाली भाजीवालीनं मेथीची जुडी आणि सुटे पैसे ठेवले, की हिनं वर ओढायचं.

"अगं, गुडघे गेले. दिवसातून एकदा उतरते, तेही देवळात जायला. बाकी सगळा कारभार टोपलीतून!"

मी म्हटलं, मग घर का बदलत नाहीस? इथून दहा मिनिटांवर टागोर नगर. तिथं लिफ्टवाली नवी बिल्डिंग झालीय, भावही जवळपास या घराइतकाच. हे विकायचं, ते घ्यायचं.

आत्या हसली. "सगळं करून बसलेय मी. हिशेब बघ." आणि कॅलेंडरच्या मागं पेन्सिलीनं लिहिलेला हिशेब तिनं माझ्यापुढं धरला. नवं घर ८० लाखांचं. मुंबईत एप्रिल २०२२ पासून स्टॅम्प ड्युटी मेट्रोचा एक टक्का धरून ६ टक्के. म्हणजे ४ लाख ८० हजार. वर नोंदणीचे ३० हजार. एकूण ५ लाख १० हजार. दलाल आणि सामानाचा टेम्पो वेगळा, तो तिनं धरलाच नव्हता.

"या जिन्यातून सुटका व्हायला मी तीन लाख घालवले असते गं. माझ्या मनाची तयारी होती. पण पाच नाही."

मैत्रिणींनो, हे वाक्य मी घरी येताना लोकलमध्ये घोळवत राहिले. कारण कॉलेजात अर्थशास्त्राच्या तासाला जे डोक्यावरून गेलं होतं, ते आत्यानं कॅलेंडरच्या पाठीवर मांडून ठेवलं होतं.

बघा ना. आत्यानं घर बदललं असतं, तर सरकारला पाच लाख मिळाले असते. ती बदलत नाही. सरकारला मिळाले किती? शून्य. आत्याचे पाच लाख वाचले म्हणावं, तर जिना तसाच राहिला. तिच्या लेखी तीन लाखांचं असलेलं सुख गेलं. ते आत्याकडे नाही, सरकारकडे नाही, टागोर नगरच्या बिल्डरकडेही नाही. हवेत विरलं. कराचा पैसा निदान एका खिशातून दुसऱ्या खिशात जातो. त्यातून रस्ता होतो, शाळा होते. हे जे विरतं, त्याची पावती कुठंच फाटत नाही. अर्थसंकल्पातही त्याचा रकाना नसतो.

ही गोष्ट पहिल्यांदा नीट पकडली ती ज्यूल द्युपुई नावाच्या फ्रेंच इंजिनीअरनं, १८४४ साली. त्याच्यापुढं प्रश्न होता पुलावरच्या टोलचा. टोल भरून पूल ओलांडणारे मोजता येतात. पण टोल आहे म्हणून जे अलीकडेच थांबले, त्यांचं काय? (आपल्याकडं ऐरोली आणि मुलुंडच्या नाक्यांवरचा छोट्या गाड्यांचा टोल ऑक्टोबर २०२४ मध्ये बंद झाला. टोलचे पैसे नकोत म्हणून टळलेल्या ऐरोलीच्या खेपा त्याआधी किती झाल्या असतील, कोण जाणे.) द्युपुईनं आणखी एक गंमत सांगितली. कर दुप्पट केला की हे विरणारं नुकसान दुप्पट होत नाही, साधारण चौपट होतं.

चौपट कसं? मलाही पटेना. मग भिशीच्या दहा जणी डोळ्यांसमोर आणल्या. प्रत्येकीला घर बदलायचंय, पण ओढ कमीजास्त. पहिलीच्या लेखी त्या बदलाची किंमत पन्नास हजार, दुसरीच्या लेखी दीड लाख, तिसरीच्या अडीच, चौथीच्या साडेतीन... अशा चढत्या. आता कर लावा दोन लाख. पहिल्या दोघी बसून राहतील. नुकसान पन्नास हजार अधिक दीड लाख, म्हणजे दोन लाख. उरलेल्या आठ जणी कर भरतील, सरकारला सोळा लाख. झकास. आता कर करा चार लाख. चौघी बसून राहतील. नुकसान अर्धा, दीड, अडीच, साडेतीन, बेरीज आठ लाख! उरलेल्या सहा जणींकडून सरकारला चोवीस लाख. म्हणजे कर दुप्पट, उत्पन्न दीडपट आणि नुकसान चौपट. कारण कर थोडा असतो तेव्हा फक्त हौसेनं घर बदलणारी थांबते. तो वाढत जातो तशी गुडघे गेलेलीसुद्धा थांबते.

हे नुकसान प्रत्यक्ष मोजायची रीत रूढ केली ती अमेरिकेतल्या अर्नोल्ड हार्बर्गर यांनी. १९६४ सालचा त्यांचा लेख यासाठी प्रसिद्ध आहे. आलेखावर हे नुकसान त्रिकोणासारखं दिसतं, म्हणून आजही अर्थशास्त्रज्ञ त्याला हार्बर्गरचा त्रिकोण म्हणतात.

पण खरी अडचण पुढंच आहे. आत्यानं मला सांगितलं म्हणून तीन लाख कळले. शहरातल्या सगळ्या आत्यांना कोण विचारणार? आणि विचारलं तरी खरं सांगतील? मग एकच वाट उरते. कर बदलतो तेव्हा माणसं काय करतात ते बघायचं.

तशी संधी आपल्या राज्यात आली होती. कोरोनानं घरांचे व्यवहार ठप्प झाले, तेव्हा सरकारनं १ सप्टेंबर ते ३१ डिसेंबर २०२० या चार महिन्यांसाठी स्टॅम्प ड्युटी तीन टक्क्यांनी उतरवली. मुंबईत पाचाचे दोन टक्के झाले. पुढं मार्च २०२१ अखेर तीन टक्के. डिसेंबरात मुंबईत नोंदणीची अशी झुंबड उडाली, की आदल्या वर्षीच्या डिसेंबरच्या जवळपास तिप्पट घरं नोंदली गेली.

म्हणजे करामुळं एवढी सगळी माणसं अडून बसली होती, असं म्हणायचं का? जपून. सेल लागला की आपण काय करतो? दिवाळीची साडी गणपतीतच घेतो. साडी काही जास्तीची होत नाही, नुसती लवकर येते. डिसेंबरातले पुष्कळजण पुढच्या वर्षी घेणारच होते, त्यांनी घाई केली. शिवाय व्याजदरही तेव्हा उतरले होते. ही घाई वजा केल्याशिवाय खरा आकडा हाती लागत नाही. इंग्लंडमध्ये मायकेल बेस्ट आणि हेनरिक क्लेवेन या दोघांनी ही वजाबाकी केली. तिथं २००८-०९ मध्ये ठरावीक किमतीच्या घरांवरचा असाच कर सोळा महिने माफ केला होता. व्यवहार सुमारे वीस टक्क्यांनी वाढले, आणि सवलत संपल्यावर त्या वाढीतला निम्म्याहून कमी भाग मागं गेला. बाकीचे व्यवहार नव्यानंच झालेले. म्हणजे तिथल्याही कितीतरी आत्या जिन्याशी अडल्या होत्या.

मी फोनवर आत्याला म्हटलं, दोन टक्क्यांच्या वेळी घेतलं असतंस तर एक लाख साठ हजार आणि वरचे तीस, एक लाख नव्वदात काम झालं असतं. तुझ्या तीन लाखांच्या आत!

"तेव्हा गुडघे चांगले होते गं," ती म्हणाली.

कर नकोतच, असं माझं म्हणणं मुळीच नाही. त्या एका टक्क्यातून मेट्रो व्हायची आहे, आणि मेट्रो ४ विक्रोळीच्या लालबहादूर शास्त्री मार्गावरूनच जाते. पण पैसा कशावर गोळा करायचा, याला काही विचार हवा. मुंबईत पाचशे चौरस फुटांपर्यंतच्या घरांना २०२२ पासून मालमत्ता कर माफ आहे. छान वाटतं ऐकायला. आत्याचंही घर त्यात बसतं. पण त्याचा अर्थ असा होतो, की आत्या जागची हलली नाही तर शून्य आणि हलली तर पाच लाख! दरवर्षी थोडी घरपट्टी घेतली असती तर त्यापायी कुणी घर बदलायचं थांबलं नसतं. अर्थात, घरपट्टी वाढवा म्हणून निवडणूक लढवणारा उमेदवार मी अजून पाहिलेला नाही.

आणि आता आपल्या कामाची गोष्ट. १ एप्रिल २०२१ पासून महाराष्ट्रात राहतं घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर स्टॅम्प ड्युटीत एक टक्का सूट आहे. तुमच्या गावात दर वेगळा असेल, सूट तीच. पण सुरुवातीला त्याला एक शेपूट होतं. पंधरा वर्षं ते घर पुरुषाला विकायचं नाही! म्हणजे सूट घेतली की गिऱ्हाईकं कमी, आणि अडचणीला घर विकायची वेळ आली तर भाव पडणार. बायकांनी एक टक्का वाचवायचा आणि पंधरा वर्षं अडकून बसायचं. ही अट २०२३ मध्ये काढली, ते बरं झालं. नवऱ्याचं नाव जोडीला आलं तर मात्र सूट नाही.

गेल्या रविवारी पुन्हा गेले तेव्हा हे आत्याला सांगितलं. ८० लाखांवर ८० हजार वाचतील. तिनं लगेच पेन्सिल घेतली. पाच-दहाचे चार-तीस झाले. अजूनही तीनच्या वरच. पण ती विचारात पडली. "चार-तीस... गुडघे पुढच्या वर्षी आणखी बिघडणार. बघू तरी."

आतोबा पेपरातून डोकं वर काढून म्हणाले, "हे घर माझ्या नावावर आहे. ते निदान दोघांच्या नावावर असू दे की. ऐंशी हजारांचं काय एवढं!"

आत्यानं कॅलेंडर पालथं घातलं, आकड्यांखाली एक नवी ओळ लिहिली आणि मोठ्यानं वाचली. "ह्यांचं नाव, ऐंशी हजार."

आतोबा पुन्हा पेपरात गेले. खालून भाजीवालीनं हाक मारली, तशी आत्या टोपली घेऊन गॅलरीत गेली.