आनापानसती
आनापानसती : नैसर्गिक श्वासोच्छ्वासावर अवधान ठेवून विखुरलेले चित्त स्थिर करण्याची बौद्ध परंपरेतील एक ध्यानपद्धती. ‘आन’ (आत येणारा श्वास), ‘अपान’ (बाहेर जाणारा श्वास) व ‘सति’ (स्मृती, जागरूकता) या पाली शब्दांपासून ही संज्ञा बनली आहे. मज्झिमनिकायातील ‘आनापानसति सुत्ता’त तिच्या सोळा पायऱ्या सांगितल्या असून काया, वेदना, चित्त व धर्म असे त्यांचे चार गट पाडलेले आहेत.

पद्धती : साधकाने शांत जागी, पाठ ताठ पण शरीर सैल ठेवून बसावे, डोळे मिटावे आणि नाकपुड्यांशी होणारा श्वासाचा स्पर्श जाणावा. श्वास दीर्घ असल्यास दीर्घ व आखूड असल्यास आखूड, एवढेच जाणावयाचे असते. प्राणायामात श्वासाचे हेतुपुरस्सर नियमन केले जाते, येथे ते वर्ज्य आहे. मन टिकत नसल्यास प्रारंभी श्वास मोजावेत, असे बुद्धघोषाने विसुद्धिमग्ग (पाचवे शतक) या ग्रंथात सुचविले आहे. ही गणना पाचाच्या आत थांबवू नये व दहापलीकडे नेऊ नये, असे तो सांगतो.

मनाचे भटकणे : काही क्षणांतच मन श्वास सोडून आठवणी, चिंता वा बेत यांकडे धावते. नवा साधक यालाच अपयश समजून अभ्यास सोडतो. वस्तुतः मन भटकले हे लक्षात येणे आणि त्रागा न करता ते श्वासाकडे परत आणणे, हाच अभ्यासाचा गाभा होय. बुद्धघोषाने याला खुंटीला बांधलेल्या अवखळ वासराची उपमा दिली आहे : ते इकडेतिकडे ओढ घेते, परंतु दावे तुटत नसल्याने अखेर खुंटीपाशीच बसते. भटकणारे अवधान पुनःपुन्हा परत आणण्याच्या शक्तीचे महत्त्व अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यानेही १८९० मध्ये प्रतिपादिले होते. भ्रमणध्वनीवरील सूचनांमुळे अवधान सतत खंडित होत असलेल्या आजच्या काळात या शक्तीची गरज विशेष जाणवते.

प्रसार : ब्रह्मदेशातील आचार्य सयाजी ऊ बा खिन (१८९९–१९७१) यांचे शिष्य सत्यनारायण गोएंका (१९२४–२०१३) यांनी १९६९ मध्ये मुंबईत भारतातील आपले पहिले शिबिर घेतले. नाशिक जिल्ह्यातील इगतपुरी येथील ‘धम्मगिरी’ केंद्रात १९७६ पासून शिबिरे होऊ लागली. त्यांच्या दहा दिवसांच्या शिबिरात प्रारंभीचे दिवस आनापानासाठी असतात व त्यानंतर विपश्यना शिकविली जाते. अमेरिकेत जॉन कबात-झिन यांनी १९७९ मध्ये मॅसॅचूसेट्स येथे बौद्ध ध्यानावर आधारलेला ताणनिवारणाचा वैद्यकीय उपक्रम सुरू केला. श्वासाचे अवधान हे त्याचेही एक प्रमुख अंग आहे.

उपयुक्तता व मर्यादा : ध्यानविषयक ४७ चाचण्यांच्या (एकूण सहभागी ३,५१५) २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या समीक्षेत अशा ध्यानामुळे चिंता, विषण्णता व वेदना काही प्रमाणात कमी होतात, असे आढळले. औषध वा व्यायाम यांहून ते सरस असल्याचा पुरावा मात्र मिळाला नाही. त्यामुळे आनापानसती ही वैद्यकीय उपचारांना पर्याय ठरत नाही. तीव्र मानसिक विकार असलेल्यांना दीर्घ मौनशिबिर अपायकारक ठरू शकते. त्यांनी आधी वैद्यकीय सल्ला घेणे आवश्यक आहे. इतरांनी प्रारंभी रोज दहा मिनिटे अभ्यास करावा. एका बैठकीत किती शांती लाभली, यापेक्षा अभ्यासातील सातत्य अधिक महत्त्वाचे असते.