आजोबांनी लावावं, नातवानं खावं

ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमारास जपानमधल्या एखाद्या देवळाच्या आवारात गेलात, तर आधी डोळे सुखावतात आणि लगेच नाक मुरडावं लागतं. वर पिवळ्याधमक पानांचं गिंकोचं झाड आणि खाली खवट लोण्यासारखा वास! त्या वासातच काही वयस्कर मंडळी हातमोजे घालून, वाकून काहीतरी वेचत असतात. त्या असतात गिंकोच्या बिया. जपानी लोक त्यांना ‘गिन्नान’ म्हणतात.

डायनोसॉरच्या काळात या कुळातली अनेक झाडं पृथ्वीवर होती. आज एकटा गिंको उरला आहे. ताडासारखी यातही नर आणि मादी झाडं वेगळी असतात. बिया फक्त मादीला येतात आणि वास येतो तो बियांवरच्या मऊ गराला. सोलमध्ये तर रस्त्याकडेची मादी झाडं काढून नर झाडं लावण्याची मोहीम पालिकेनं हाती घेतली, ती या वासापायीच.

हातमोजे मात्र वासासाठी नसतात. काजूच्या टरफलातल्या तेलानं हात कसे पोळतात, हे कोकणातल्या माणसाला सांगायला नको. गिंकोच्या गरात त्याच जातीची द्रव्यं असतात. म्हणून गर पाण्यात कुजवून, मोजे घालूनच काढतात. बिया स्वच्छ धुऊन वाळवल्या, की पिस्त्यासारखं पांढरं कवच दिसतं. ते फोडून आतला दाणा मिठाबरोबर भाजतात, नाहीतर अंड्याच्या वाफवलेल्या पदार्थात घालतात. भाजलेला दाणा सुरेख हिरवा होतो.

एका झाडाखाली इतक्या बिया पडतात, की घरी पुरून उरतात आणि शेजारीपाजारी वाटल्या जातात. इथेच सांभाळायचं असतं. या दाण्यात एक विष असतं. ते शरीरातल्या ‘ब-६’ जीवनसत्त्वाच्या कामात अडथळा आणतं आणि जास्त दाणे खाल्ले तर उलट्या होतात, झटके येतात. भाजून किंवा उकडून ते पुरतं जात नाही. लहान मुलांना तर थोडेसे दाणेही बाधू शकतात. जपानमध्ये अन्नटंचाईच्या काळात लोकांनी भूक भागवायला गिन्नान खाल्ले, तेव्हा अशा विषबाधा पुष्कळ झाल्या आणि काहींचे जीवही गेले. म्हणून जाणती माणसं बिया देताना बजावतात : गराला हात लावू नका, मोजके खा आणि लहानग्यांना देऊ नका. नुसती पिशवी हातात ठेवणं म्हणजे अर्धंच देणं.

रुजवण्याचंही तसंच आहे. परागकण वसंतात झाडावर पोचतात, पण प्रत्यक्ष फलन काही महिन्यांनी होतं. गिंकोच्या शुक्रपेशी पोहतात, हे साकुगोरो हिरासे यांनी १८९६ साली टोकियोच्या कोइशिकावा बागेतल्या झाडावर शोधून काढलं. ते झाड आजही उभं आहे. फलन असं उशिरा होत असल्यानं खाली पडलेल्या बीमधला अंकुर अगदी बाल्यावस्थेत असतो. तेव्हा लावण्यासाठी बी पुरती सुकू द्यायची नाही. ओलसर वाळूत काही आठवडे उबेला, मग महिना-दोन महिने थंडीत ठेवायची आणि वसंतात बोटभर खोल पेरायची. आपल्या मैदानी, उष्ण हवेत हे झाड रमत नाही, त्याला थंडी हवी.

रोप उगवलं तरी ते नर की मादी, हे लवकर कळत नाही. बिया धरायला वीस वर्षं किंवा त्याहून जास्त काळ लागतो. गिन्नानसाठी प्रसिद्ध असलेल्या आइची प्रांतातल्या सोबुए गावचे बागायतदार म्हणूनच कलमं करतात. चिनी भाषेत या झाडाचं एक नाव आहे ‘आजोबा-नातवाचं झाड’. आजोबांनी लावायचं आणि नातवानं खायचं!

हिरोशिमात या नावाला वेगळाच अर्थ आला. ६ ऑगस्ट १९४५ रोजी बॉम्ब पडला, तेव्हा केंद्रापासून जेमतेम सव्वा किलोमीटरच्या आतलं होसेनबो मंदिर नष्ट झालं. मंदिरातला गिंको मात्र पुन्हा पालवला. पुढे मंदिर नव्यानं बांधताना ते झाड राखूनच पायऱ्या केल्या. शहरात अशी वाचलेली सुमारे १६० झाडं नोंदलेली आहेत, त्यांत गिंको अनेक. २०११ साली सुरू झालेल्या ‘ग्रीन लेगसी हिरोशिमा’ या उपक्रमातून त्यांच्या बिया आणि रोपं देशोदेशींच्या बागांना, विद्यापीठांना आणि संस्थांना दिली जातात. घेणाऱ्यानं रोप वाढवायचं आणि ते कुठून आलं, हेही लोकांना सांगायचं.

ज्यांनी तो दिवस पाहिला, ती माणसं आता थोडी उरली आहेत. आज पेरलेल्या बीला बिया येतील, तेव्हा त्यांतलं बहुधा कुणीच नसेल. त्या बिया वेचणाऱ्या नातवाला झाडाची हकिकत कुणीतरी सांगितलेली असली पाहिजे.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)