छोट्या सुट्टीचा खाऊ

मोठ्या सुट्टीच्या डब्याची काळजी घरात सगळेच करतात. पोळी-भाजी, एखाद्या दिवशी थालीपीठ, कधी मसालेभात. आईने, आजीने, हल्ली बऱ्याच घरांत बाबांनीही तो मन लावून भरलेला असतो. शेजारचा छोटा डबा मात्र रिक्षावाल्या काकांचा हॉर्न वाजल्यावर भरला जातो आणि हाताशी असेल ते त्यात पडतं. बहुतेक वेळा ते पुड्यातलं असतं: क्रीमची बिस्किटं, वेफर्स, केकचा तुकडा. मला या छोट्या डब्याविषयीच लिहायचं आहे. मोठा डबा मूल आपण दिला म्हणून संपवतं. छोट्या डब्यातलं ते आवडीने, मित्रांच्या घोळक्यात खातं, आणि घोळक्यात लागलेली चव पुढे वर्षानुवर्षं टिकते.

छोटी सुट्टी दहा-पंधरा मिनिटांची. त्यातच पाणी प्यायचं, शू करून यायचं, जमलं तर मैदानावर पळून यायचं. खायला चार-पाच मिनिटं उरली तरी पुष्कळ. म्हणून खाऊ कोरडा हवा, दोन-तीन घासांचा हवा, हात चिकट आणि वही तेलकट करणारा नको. शिवाय मोडून शेजारच्याला देता आला पाहिजे. कापलेलं सफरचंद काळं पडतं, केळं दप्तरात चेंगरतं, उसळीला चमचा लागतो. हे सगळं पौष्टिकच, पण तसंच घरी परत येतं. मग ‘याला चांगलं काही आवडतच नाही’ असा शिक्का मुलावर बसतो.

या कसाला उतरणारे पदार्थ आपल्याकडे आहेतच, कारण ते मुळी शिदोरीसाठीच केले जात. गूळपापडी, राजगिऱ्याची वडी, दशमी, डाळं-शेंगदाणे-गूळ, भाजणीच्या कडक वड्या. न सांडणारे, न विटणारे, भूक धरून ठेवणारे. त्यातही मी नाचणीच्या लाडवाला पहिला मान देईन. नाचणीत १०० ग्रॅममागे सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. गाईच्या दुधात ते साधारण १२०, तांदळात जेमतेम १०. तीळ तर हजाराच्या वर जातात. एका लाडवात १५ ग्रॅम नाचणी आणि चमचाभर तीळ धरले, तर हिशेब अर्ध्या वाटी दुधाच्या आसपास येतो. नाचणीतल्या फायटेट नावाच्या घटकामुळे ते सगळं अंगी लागत नाही, हेही खरं. नाचणी भिजवून, मोड आणून, वाळवून दळली की फायटेट कमी होतं. कोकणात आणि घाटावर बाळांसाठी नाचणीचं सत्त्व करताना आज्या हेच करत आल्या आहेत.

लाडवाचं प्रमाण सोपं आहे. वाटीभर नाचणीचं पीठ तीन-चार चमचे तुपावर अगदी मंद आचेवर भाजायचं. पीठ मुळातच तांबूस असल्याने रंगावरून काही कळत नाही, वासावरून ठरवायचं. कच्चट वास जाऊन खमंग सुटायला दहा-बारा मिनिटं लागतात, आणि इथे घाई केली तर लाडू टाळूला चिकटतो. मुलं नाचणी नाकारतात ती बहुतेक या कच्च्या भाजणीमुळे. मग अर्धी वाटी दाण्याचं कूट, लाडवामागे चमचाभर भाजलेले तीळ, वेलची आणि दहा-बारा खजूर मऊ वाटून. लाडू लिंबाहून लहान वळावा. मोठा लाडू अर्धा खाऊन परत येतो, छोटे दोन संपतात.

खजूर का, गूळ का नाही? गूळ चवीला उत्तम, चिक्कीला त्याच्याशिवाय गत नाही. पण गूळ घातला की पदार्थ आपोआप आरोग्यदायी होतो हा समज सोडायला हवा. शरीराच्या लेखी गूळ, मध आणि साखर यांत फारसं अंतर नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या मार्गदर्शनानुसार वरून घातलेली साखर दिवसाच्या उष्मांकांच्या १० टक्क्यांच्या आत हवी, ५ टक्क्यांच्या आत असेल तर आणखी चांगलं. सात-आठ वर्षांच्या मुलाला दिवसाला दीड हजार कॅलरी लागतात असं धरलं, तर ५ टक्के म्हणजे सगळे मिळून जेमतेम १९ ग्रॅम. चार-पाच चमचे. सकाळच्या दुधातली साखर, जॅम, संध्याकाळचं बिस्किट हे सगळं त्यातच. अख्ख्या खजुराची गोडी तंतूंसह येते आणि तिची गणना या साखरेत होत नाही. चिकटतो मात्र तोही, त्यामुळे चिक्की असो वा खजूर, वर पाणी पिऊन चूळ भरायची सवय लावावी.

पुड्यातलं आणायचंच असेल तर पुढची अक्षरं सोडून मागची वाचावीत. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेले असतात. पुढे ‘नाचणी’ आणि मागे पहिला घटक मैदा, दुसरा साखर असेल, तर ते मैद्याचं बिस्किट आहे. असा खाऊ मुलांना बरा नाही, हे सरकारलाही पटलेलं आहे. चरबी, साखर आणि मीठ जास्त असलेले पदार्थ शाळेत आणि शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत विकायला अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांनी मनाई केली. २०२५ मध्ये सीबीएसईने आपल्या शाळांना साखरेची माहिती देणारे फलक लावायला सांगितलं. पण डब्यातून जे शाळेत शिरतं ते अडवायला कोणी नाही. ते आपल्याच हातात आहे.

गोडच हवं असंही नाही, लोहाचाही विचार हवा. केंद्राच्या २०१६-१८ च्या पोषण सर्वेक्षणात पाच ते नऊ वर्षांच्या मुलांपैकी सुमारे २४ टक्के रक्तक्षय असलेली आढळली. धान्य-कडधान्यांतलं लोह ‘क’ जीवनसत्त्वाच्या सोबतीने जास्त शोषलं जातं, आणि पेरूत हे जीवनसत्त्व संत्र्याच्या कितीतरी पट असतं. पेरूच्या फोडी सफरचंदासारख्या लगेच काळ्या पडत नाहीत, किंचित तिखट-मीठ लावलं की हातोहात संपतात. डाळं-चुरमुऱ्यांबरोबर चार फोडी दिल्या तर याहून चांगली जोडी नाही. पाच वर्षांखालच्या मुलांना मात्र अख्खे दाणे देऊ नयेत, घशात अडकतात. त्यांना कूटच बरं. शाळेला निघताना चहा-पोळी देण्याची पद्धतही मोडावी, चहा लोहाचं शोषण रोखतो.

खवा, पनीर, क्रीम, ओलं खोबरं यांना छोट्या डब्यात जागा नाही. ऑक्टोबरच्या उकाड्यात असे पदार्थ बंद डब्यात दोन तासही धड राहत नाहीत.

परदेशातल्या मराठी घरांपुढे वेगळाच पेच असतो. अमेरिकेतल्या अनेक शाळांत शेंगदाण्याला बंदी आहे. १ जानेवारी २०२३ पासून तिथे तीळही प्रमुख ॲलर्जीकारक पदार्थांच्या यादीत गेले. त्यामुळे दाण्याची चिक्की आणि तिळगूळ दोन्हींबाबत आधी शाळेत विचारावं लागतं. अशा वेळी राजगिऱ्याच्या लाह्या, भोपळ्याच्या आणि सूर्यफुलाच्या बिया कामी येतात. वडी त्यांचीही छान पडते.

राहिला घोळक्याचा प्रश्न. सगळ्यांच्या डब्यात चॉकलेटची बिस्किटं आणि एकाच्याच डब्यात काळपट लाडू असेल, तर तो लाडू दप्तरातच राहणार, कितीही खमंग भाजलेला असो. मुलाला समजावून हे सुटत नाही. काही शाळा आठवड्याचं डब्याचं वेळापत्रक देतात, सोमवारी अमुक, मंगळवारी तमुक. त्यात मोठ्या डब्याचाच विचार असतो. दिवाळीच्या सुट्टीनंतर पहिली पालकसभा होईल, तेव्हा वर्गशिक्षिकांना एवढंच सुचवावं, की छोट्या सुट्टीलाही वार लावा: एक दिवस लाडू किंवा वडी, एक दिवस फळ, एक दिवस डाळं-दाणे. सगळ्यांच्याच हातात लाडू असला की त्याच्या रंगाकडे कोणी बघत नाही.