चीनमधील बौद्धस्थळांचे दर्शन आणि तिकिटांचा हिशेब

तथागतांचा धम्म भारतातून निघाला आणि वाळवंटे, बर्फाळ खिंडी ओलांडून चीनमध्ये पोहोचला, हे आपण सर्व जाणतो. फाहियान आणि ह्युएनत्संग हे महाभिक्खू तिकडून इकडे आले, तर कुमारजीवांसारख्या पंडितांनी तिकडे बसून ग्रंथांची भाषांतरे केली. त्या देशातील लेणी, विहार आणि स्तूप प्रत्यक्ष पाहावेत अशी इच्छा आज आपल्या समाजातील अनेक उपासक-उपासिकांच्या मनात आहे. २०२० पासून बंद असलेली भारत-चीन थेट विमानसेवा ऑक्टोबर २०२५ मध्ये पुन्हा सुरू झाल्यावर तर धम्मसहलींची चर्चा अधिकच वाढली आहे.

परंतु आपला समाज अजून बहुतांशी नोकरदारांचा आणि कष्टकऱ्यांचा आहे. कोणी भविष्यनिर्वाह निधीतून पैसे काढतो, कोणी निवृत्तीच्या रकमेतून, कोणी पतपेढीच्या कर्जातून. अशा घामाच्या पैशाचा हिशेब आधी समजून घेणे हे आम्हांस आवश्यक वाटते. सहल काढणाऱ्यांच्या पत्रकात 'प्रवेशशुल्क वेगळे' किंवा 'प्रवेशशुल्कासह' एवढेच शब्द असतात. त्या शब्दांच्या पोटात नेमके काय असते, हे येथे मांडण्याचा आमचा प्रयत्न आहे.

प्रवेशशुल्क किती?

चीनचे चलन युआन. आजच्या हिशेबाने एका युआनचे साधारण १२ ते १३ रुपये होतात. पुढे दिलेले दर प्रौढ व्यक्तीचे आणि गर्दीच्या मोसमातील आहेत. हिवाळ्यात बऱ्याच ठिकाणी ते कमी होतात. दर बदलत असतात, म्हणून निघण्यापूर्वी ते पुन्हा तपासून घ्यावेत.

१) दुनहुआंगची मोगाओ लेणी (गान्सू प्रांत) : २३८ युआन
२) दातोंगची युनगांग लेणी : १२० युआन
३) लुओयांगची लोंगमेन लेणी : ९० युआन
४) लुओयांगचा श्वेताश्व विहार : ३५ युआन
५) लेशानची महाबुद्धमूर्ती : ८० युआन
६) एमेई पर्वत : १६० युआन
७) बीजिंगचा योंगहे विहार : २५ युआन
८) बीजिंगजवळचे बादाचू उद्यान : १० युआन

शेवटचा आकडा पाहून वाचकांना आश्चर्य वाटेल. बादाचू उद्यानातील लिंगग्वांग विहारात भगवान बुद्धांचा दंतधातू जतन केलेला आहे आणि त्यासाठी १९६४ साली नवा स्तूप उभारण्यात आला. उपासकाच्या दृष्टीने इतके मोलाचे स्थळ, आणि यादीतील सर्वांत कमी तिकीट त्याचेच! उलट, सर्वसामान्य पर्यटक ज्यासाठी बीजिंगला जातो त्या राजवाड्याचे तिकीट ६० युआन आणि बादालिंग येथील चीनच्या भिंतीचे ४० युआन आहे. तिकिटाची रक्कम आणि स्थळाचे धम्मातील महत्त्व यांचा परस्पर संबंध नाही, ही पहिली गोष्ट ध्यानात ठेवावी.

आता बेरीज करू. बीजिंगमधील दोन्ही विहार, युनगांग, श्वेताश्व विहार, लोंगमेन आणि मोगाओ या सहा स्थळांची तिकिटे मिळून ५१८ युआन होतात. त्यात राजवाडा आणि भिंत धरली तर ६१८ युआन. म्हणजे माणशी साधारण साडेसात ते आठ हजार रुपये. सहलीची एकूण रक्कम लाखांत असते. तेव्हा तिकिटे हा खर्चाचा लहान भाग आहे. खरा पैसा जातो तो विमान, आगगाडी आणि निवासावर. दुनहुआंग तर बीजिंगपासून फार दूर, वाळवंटाच्या काठावर आहे. तेथे पोहोचण्याचा खर्च तेथील तिकिटाच्या कितीतरी पट होतो. म्हणून कोणी 'प्रवेशशुल्क वेगळे' म्हणून मोठी रक्कम मागत असेल, तर त्याच्याकडून स्थळवार यादी मागून घ्यावी.

एका तिकिटामागे दुसरे तिकीट

फसगत होते ती मुख्य तिकिटात नव्हे, तर त्यानंतरच्या तिकिटांत. एमेई पर्वताचेच उदाहरण घेऊ. हे बोधिसत्त्व समंतभद्रांचे स्थान मानले जाते. प्रवेशाचे १६० युआन भरले म्हणजे माणूस शिखरावर पोहोचला असे होत नाही. पर्वतावरील बसचे जाऊन-येऊन सुमारे ९० युआन आणि सुवर्णशिखराच्या रोपवेचे दोन्ही वेळचे मिळून सुमारे १२० युआन लागतात. म्हणजे १६० चे ३७० युआन झाले, रुपयांत साडेचार हजारांच्या घरात. वाटेतील काही विहारांचे छोटे तिकीट आणखी निराळे. ज्यांचे पाय धड आहेत आणि हाताशी दोन-तीन दिवस आहेत त्यांना पायऱ्यांनी चढता येते, पण सहलीत एवढा वेळ सहसा नसतो.

लोंगमेनला बॅटरीवरच्या गाडीचे आणि नदीतील नावेचे पैसे वेगळे असतात. शिआनला ह्युएनत्संगांच्या नावाशी जोडलेला मोठा हंस मनोरा आहे. त्यावर चढायचे तर वेगळे तिकीट काढावे लागते. याउलट लेशानला काटकसरीचा एक मार्गही आहे. ७१ मीटर उंचीची ती मूर्ती इ.स. ७१३ ते ८०३ या काळात कड्यातून कोरली गेली. तिच्या पायाशी उतरायचे तर ८० युआनचे तिकीट आणि अरुंद पायऱ्यांवरची लांब रांग. पण नदीतून जाणाऱ्या नावेतून, सुमारे ७० युआनमध्ये, संपूर्ण मूर्ती समोरून दिसते आणि त्यासाठी आतले तिकीट लागत नाही. गुडघ्यांचा त्रास असलेल्या वडीलधाऱ्यांसाठी नावच बरी.

उदबत्तीच्या खर्चाबद्दलही दोन शब्द. काही ठिकाणी मोठमोठ्या, महागड्या उदबत्त्या घेण्याचा आग्रह होतो. ती घेणे मुळीच बंधनकारक नाही. योंगहे विहारात तर दर्शनार्थींना उदबत्ती विनामूल्य दिली जाते. आपण त्रिसरण-पंचशील म्हणून हात जोडले तरी वंदना पूर्ण होते.

बुद्धदर्शनाला पैसे का?

आपल्याकडे बोधगयेच्या महाबोधी विहारात प्रवेशासाठी तिकीट नाही. मग चीनमध्ये का, असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. त्याची कारणे दोन.

पहिले कारण जतनाचे. मोगाओ येथे इ.स. ३६६ पासून सुमारे हजार वर्षे लेणी खोदली गेली. त्यांतील ४९२ लेण्यांत चित्रे आणि मूर्ती आहेत. माणसांच्या श्वासातील दमटपणा आणि कर्बवायू यांनी भिंतीवरील रंग सुटतात. अजिंठ्याची चित्रे पाहिलेल्यांना हे समजावून सांगायला नको. म्हणून मोगाओचे मुख्य तिकीट दिवसाला ६,००० इतकेच दिले जाते. त्या २३८ युआनमध्ये लेण्यांविषयीचे दोन चित्रपट, लेण्यांपर्यंतची बस आणि मार्गदर्शकासह ८ लेण्यांचे दर्शन येते. ती तिकिटे संपली तर १०० युआनचे दुसरे तिकीट मिळते, त्यात फक्त ४ लेणी. काही खास लेण्यांसाठी तर प्रत्येकी निराळी आणि जबर रक्कम भरावी लागते. 'मोगाओ दर्शन' असे पत्रकात लिहिले असेल तर कोणते तिकीट, ८ लेण्यांचे की ४ लेण्यांचे, हे आधीच विचारावे. हजारो किलोमीटर जाऊन निम्मेच पाहून परतणे कोणाला आवडेल?

दुसरे कारण व्यवस्थेचे. पुष्कळ ठिकाणी तिकीट विहाराचे नसून विहाराभोवतीच्या 'निसर्गरम्य क्षेत्रा'चे असते आणि ते क्षेत्र स्थानिक सरकार किंवा त्याची कंपनी चालवते. तिकिटाच्या पैशावर रस्ते, सफाई, पगार आणि कित्येकदा गावाचा कारभारही चालतो. त्यामुळे दर वाढतच गेले. विहारांचा धंदा होऊ नये, त्यांचे समभाग बाजारात आणू नयेत, असे आदेश चीन सरकारच्या अनेक खात्यांनी मिळून २०१२ आणि पुन्हा २०१७ साली काढले. २०१८ साली सरकारी मालकीच्या मोठ्या स्थळांचे दर उतरवण्याचा हुकूम झाला. तेव्हा एमेईचे तिकीट १८५ वरून १६० आणि लेशानचे ९० वरून ८० युआन झाले. हांगचौ शहराने तर २००२ सालीच आपल्या प्रसिद्ध पश्चिम सरोवराचा परिसर सर्वांना विनामूल्य खुला केला होता. शहरांतले पुष्कळ चालते विहार, उदाहरणार्थ बीजिंगचा ग्वांगची विहार आणि शामेनचा दक्षिण पुतुओ विहार, आजही तिकीट घेत नाहीत.

यावरून एक भेद स्पष्ट होतो. तिकीट म्हणजे दान नव्हे. तिकीट हा सेवेचा मोबदला आहे. तो द्यावा, आणि त्या मोबदल्यात काय मिळते हेही निःसंकोचपणे विचारावे. दान विहाराच्या दानपेटीत, आपल्या ऐपतीनुसार आणि मनापासून टाकावे. दोन्हींची गल्लत झाली की श्रद्धाळू माणसाला लुबाडणे सोपे होते.

सवलती आणि व्यवहार

चीनमध्ये परदेशी माणसाला जादा दर लावत नाहीत. मोगाओला परभाषेतील मार्गदर्शकाचे २० युआन तेवढे अधिक पडतात. आपल्याकडे अजिंठ्याला भारतीयांस ४० रुपये आणि चिनी यात्रेकरूस ६०० रुपये तिकीट आहे, हे लक्षात घेतले तर ही समानता उठून दिसते. ज्येष्ठ नागरिक, विद्यार्थी आणि लहान मुले यांना पुष्कळ ठिकाणी सूट असते. ती परदेशीयांना लागू आहे की नाही हे स्थळागणिक ठरते, म्हणून पासपोर्ट दाखवून विचारावे. अनेक विहारांत भिक्खूंना आणि त्रिसरण घेतल्याचा दाखला बाळगणाऱ्या उपासकांना सवलत मिळते. तो दाखला तेथील विहारांनी दिलेला असतो. आपले धम्मदीक्षेचे प्रमाणपत्र चालेलच असे गृहीत धरू नये.

मोठ्या स्थळांची तिकिटे पासपोर्ट क्रमांकावर, आधीच नोंदवावी लागतात. राजवाड्याची नोंदणी सात दिवस अगोदर सुरू होते आणि सोमवारी तो बंद असतो. पैसे देण्याची पद्धत मोबाईलवरची. अलीपे किंवा वीचॅट यांना आंतरराष्ट्रीय कार्ड जोडता येते, मात्र २०० युआनवरील प्रत्येक व्यवहारावर ३ टक्के आकार पडतो. म्हणून चौघांची तिकिटे एकदम काढण्यापेक्षा वेगवेगळी काढणे फायद्याचे.

महाराष्ट्राच्या माणसाने दोन ठिकाणे आवर्जून पाहावीत. श्वेताश्व विहार इ.स. ६८ मध्ये भारतीय भिक्खूंसाठी बांधला गेला अशी परंपरा आहे. तेथे सांचीच्या स्तूपाच्या धर्तीवर भारताने उभारलेल्या वास्तूचे उद्घाटन मे २०१० मध्ये, आपल्या जळगावच्या कन्या आणि तत्कालीन राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांच्या हस्ते झाले. त्याच ३५ युआनमध्ये तेही पाहून होते. दुसरे स्थळ बीजिंगहून लुओयांगकडे जाणाऱ्या लोहमार्गावरील शिच्याच्वांग. तेथील हुतात्मा स्मशानभूमीत सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस चिरविश्रांती घेत आहेत. तेथे तिकीट नाही.

कोणत्या वाट्यातून खर्च करावा?

महापरिनिब्बान सुत्तात श्रद्धावंताने दर्शन घ्यावे अशी चार स्थाने सांगितली आहेत : लुंबिनी, बोधगया, सारनाथ आणि कुशीनगर. चारही आपल्या आवाक्यात आहेत. चीनयात्रा हे धम्मकर्तव्य नाही. ती अभ्यासाची आणि आनंदाची गोष्ट आहे. सिगालोवाद सुत्तात तथागतांनी गृहस्थाला मिळकतीचे चार वाटे करण्यास सांगितले : एक उपभोगासाठी, दोन उद्योगधंद्यासाठी आणि चौथा अडीअडचणीसाठी राखून ठेवण्यास. चीनची सहल पहिल्या वाट्यातून होत असेल तर अवश्य करावी. मुलांच्या शिक्षणाच्या किंवा आजारपणाच्या वाट्याला हात लावून, वा कर्ज काढून मात्र करू नये. ज्या बाबासाहेबांनी आपल्याला शिक्षणाचा मार्ग दाखवला, त्यांच्या अनुयायांना याहून अधिक सांगण्याची गरज नाही.

जे जातील त्यांनी स्थळवार यादी हाती घेऊन, प्रश्न विचारून आणि पावती घेऊन जावे. परत आल्यावर जे पाहिले ते आपल्या विहारात, वर्षावासात, मुलाबाळांना सांगावे. जे जाऊ शकणार नाहीत त्यांनी मनात खंत बाळगू नये. लोंगमेन आणि युनगांगच्या कारागिरांपर्यंत जी लेण्यांची परंपरा पोहोचली तिचा उगम भारतात आहे. भाजे, कार्ले, पितळखोरे, कान्हेरी ही तिची जुनी घरे आपल्याच डोंगरांत आहेत, आणि अजिंठ्याचे तिकीट चाळीस रुपये आहे.