चुकारा कोणाच्या मोबाईलवर?

गेल्या हंगामातली गोष्ट. गिरडच्या बाजूला एका वावरात बोंडअळीची पाहणी करायला गेलो होतो. कपाशीची दुसरी वेचणी चालू होती. दिवस कलला तशा बाया धुऱ्यावर आल्या, गाठोडी काट्याला लागली, मालकाने वहीत किलो मांडले. आठवड्याचा हिशेब होता. मालकाने खिशातून नोटा काढण्याऐवजी मोबाईल काढला, एकेकीचे नाव घेत पैसे टाकले आणि म्हणाला, "झालं, समद्यायचे पोहोचले."

बाया उठल्या. पन्नाशीच्या पुढची एक मावशी मात्र बसूनच राहिली. मी विचारलं, तर म्हणाली, "माह्ये पैसे पोट्ट्याच्या मोबाईलवर गेले न जी. पोट्टा बुटीबोरीले कंपनीत. उद्या बजार हाये. तेलवाल्याले मी काय दाखवू?"

दिवसाला ४० किलो वेचणी, किलोमागे १० रुपये धरले तरी सहा दिवसांचे २४०० रुपये होतात. मालकाने एक पैसाही बुडवला नव्हता. पैसे पोहोचले होते, पण जिने वेचले तिच्या हाती नव्हे.

वाचकहो, मोबाईलवरून पैसे पाठवणे ही आता नवलाई राहिलेली नाही. चहाच्या टपरीपासून पंक्चरच्या दुकानापर्यंत तो काळा-पांढरा चौकोन चिकटलेला दिसतो. ऑगस्ट २०२५ मध्ये देशात एका महिन्यात यूपीआयचे व्यवहार पहिल्यांदा २००० कोटींच्या वर गेले. पण जगात सगळीकडे हा कारभार आपल्यासारखाच चालतो, असा समज असेल तर तो खरा नाही. मावशीची अडचण आपल्या पद्धतीतूनच आलेली आहे. ती समजायला थोडे दूर, आफ्रिकेत केनियापर्यंत जावे लागेल.

केनियात मार्च २००७ मध्ये सफारीकॉम या टेलिफोन कंपनीने 'एम-पेसा' सुरू केले. 'एम' म्हणजे मोबाईल आणि 'पेसा' म्हणजे त्यांच्या स्वाहिली भाषेत पैसा. शब्द ओळखीचा वाटतो ना? वाटणारच. इंग्रजांच्या राजवटीत १९२० पर्यंत त्या मुलखात रुपया हेच नाणे चालत होते. आपला पैसा तिकडे गेला आणि पेसा होऊन राहिला.

मुळात ही योजना काढली होती छोट्या कर्जांचे हप्ते मोबाईलवरून भरण्यासाठी. आधी चाचणी घेतली, तेव्हा लोकांनी तिचा भलताच उपयोग केला. हप्ते राहिले बाजूला, ते एकमेकांनाच पैसे पाठवू लागले. नैरोबीत कामाला गेलेला मुलगा गावाकडच्या आईला पैसे धाडू लागला. कंपनीने लोकांची ही चाल ओळखली आणि 'पैसे घरी पाठवा' हीच जाहिरात केली. (आपल्याकडे योजना कागदावर एक असते आणि गावात दुसरीच होते, तेव्हा आम्ही लोकांना दोष देतो. तिथे त्यांनी योजनाच बदलली.)

आता मुद्द्याची गोष्ट. केनियातल्या त्या आईला बँकेत खाते असण्याची गरज नव्हती. ओळखपत्र दाखवून सिमकार्ड घेतले की त्या सिमवरच पैसे जमा होतात. साधा बटनाचा फोन पुरतो, इंटरनेट लागत नाही. गावातला किराणा दुकानदार एजंट असतो. त्याच्याकडे रोख दिली की ती मोबाईलवर चढते, मोबाईलवरची उतरवली की रोख मिळते. हे सगळे फुकट नाही. पाठवायला आणि काढायला रकमेप्रमाणे आकार पडतो. तरीही लोकांनी ते उचलले, कारण दुसरा मार्ग म्हणजे बसच्या ड्रायव्हरच्या हाती पाकीट देणे.

तवनीत सुरी आणि विल्यम जॅक या दोन अर्थशास्त्रज्ञांनी २०१६ मध्ये याचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांच्या हिशेबाने एम-पेसामुळे केनियातली १ लाख ९४ हजार कुटुंबे गरिबीतून वर आली, आणि १ लाख ८५ हजार बायांनी शेतीचे काम सोडून लहानसहान धंदा धरला. सर्वात जास्त फायदा ज्या घरांची कर्ती बाई होती त्यांना झाला. कारण सरळ आहे. सिम तिचे, नंबर तिचा, पैसे तिचे.

हाच एम-पेसा २०१३ मध्ये आपल्या देशातही आला होता. व्होडाफोनने आणला आणि २०१९ मध्ये गुंडाळला. इथे रिझर्व्ह बँकेचे धोरण पहिल्यापासून वेगळे होते. लोकांचा पैसा टेलिफोन कंपनीकडे नको, बँकेतच राहावा, असे ते धोरण. त्यात चूक काही नाही, ठेव बुडण्याची भीती कमी होते. २०१४ मध्ये जनधनची खाती निघाली, एप्रिल २०१६ मध्ये यूपीआय आले, त्याच वर्षी ८ नोव्हेंबरला नोटाबंदी झाली, आणि माणसाने माणसाला पाठवायचे पैसे विनामूल्य झाले. मग आकार देऊन कोण पाठवतो?

फरक ध्यानात घ्या. केनियात मोबाईल हाच बटवा आहे. आपल्याकडे बटवा बँकेत असतो, मोबाईल ही त्याची किल्ली. खाते एकाचे आणि किल्ली दुसऱ्याच्या कमरेला, असे केनियात सहसा होत नाही. आपल्या गावागावात होते. सरकारी पैसा तर आधारला जोडलेल्या खात्यात जातो आणि तो आल्याचा संदेश खात्याला जोडलेल्या नंबरवर. खाते बाईचे, नंबर दिराचा. खाते म्हाताऱ्याचे, नंबर नातवाचा. कधी नंबर कोणाचा हेच कोणाला ठाऊक नाही.

यात माझाही वाटा आहे, तो सांगून टाकतो. फेब्रुवारी २०१९ मध्ये पीएम किसान योजना आली, वर्षाला ६००० रुपये, तीन हप्त्यांत. याद्या करायची घाई होती. मोबाईल नंबरचा रकाना रिकामा ठेवता येत नव्हता आणि एका गावात दहा-बारा कास्तकारांकडे फोनच नव्हता. मी चावडीसमोरच्या एका पोराचा नंबर सगळ्यांच्या नावापुढे लिहून दिला. काम उरकले. पुढे ई-केवायसीची अट आली, ओटीपीची भानगड आली आणि त्यातल्या काहींचे हप्ते अडकले. निरोप त्या पोरापर्यंत जात होते, तो कामासाठी पुण्याला निघून गेला होता. एक बाबाजी दोन वर्षे मलाच विचारत होते, "साहेब, सरकारनं माह्यंच काहून बंद केलं?" मी लिहिलेल्या दहा आकड्यांनी ते बंद केले होते. नंतर एकेकाला सेतू केंद्रावर नेऊन अंगठे लावले, पण गेलेली दोन वर्षे गेलीच.

कास्तकार अजूनही नगदी मागतो, याला आमचे काही अधिकारी अडाणीपणा म्हणतात. मला ते पटत नाही. जुन्या लोकांना १९७२ मध्ये सुरू झालेली कापूस एकाधिकार खरेदी आठवत असेल. कापूस आज दिला तरी चुकारा यायचा सवडीने, आणि तोही कर्ज वळते होऊन. पुढे जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकच अडचणीत आली. २०१४ मध्ये केंद्राने देशातल्या परवाना नसलेल्या २३ जिल्हा बँका उभ्या करण्याची योजना मंजूर केली, त्यात नागपूर, बुलडाण्यासोबत आपली वर्ध्याची बँक होती. ज्याने खात्यात अडकलेला पैसा पाहिला आहे, तो खात्याला भीतच राहणार. आजही कर्ज थकले की खात्याला होल्ड लागल्याच्या तक्रारी कानावर येतात. कापसाचे पैसे खात्यात आले आणि काढायला गेले तर निघेनात, मग पोरीचे लग्न कसे करावे? म्हणून तो व्यापाऱ्याला म्हणतो, दोन पैसे कमी दे, पण हातात दे.

केनियात हा त्रास नाही असे मात्र समजू नका. तिथे २०१२ पासून मोबाईलवर झटपट कर्ज मिळू लागले. २०१९ मध्ये 'फुलिझा' नावाची सोय आली. खात्यात पैसे कमी पडले तर कंपनी पुरे करते आणि पुढचे पैसे आले की आपले आधी कापून घेते. होल्ड तिथेही पोहोचला, फक्त बँकेच्या जागी फोन आला.

देशादेशांतला असा फरक कुठे कंपनीमुळे पडतो, कुठे सरकारमुळे. चीनमध्ये सगळा व्यवहार अलीपे आणि वीचॅट या दोन खासगी कंपन्यांच्या हाती गेला. ब्राझीलमध्ये २०२० च्या नोव्हेंबरात तिथल्या मध्यवर्ती बँकेनेच 'पिक्स' काढले, ते आपल्या यूपीआयच्या जवळचे. जर्मनीसारख्या श्रीमंत देशात माणसे अजून खिशात नोटा बाळगतात, तेव्हा नगदी मागणारा मागासलेलाच असतो असेही नाही. घानामध्ये सरकारने मे २०२२ पासून मोबाईलवरून पाठवलेल्या पैशांवर दीड टक्का कर बसवला. लोक चिडले, नगदीकडे वळले, पुढे कर एक टक्क्यावर आणला आणि २०२५ मध्ये काढूनच टाकला.

आपल्या कामाचे उदाहरण बांगलादेशचे आहे. भारतातला कापूस आणि सूत तिथल्या शिलाई कारखान्यांत जाते आणि तिथे शिवणयंत्रावर बहुतांश बाया बसतात. बँकेच्या जोडीने चालणारे 'बिकाश' तिथे २०११ पासून आहे. २०२० मध्ये कोरोनात सरकारने कारखान्यांना पगारासाठी मदत दिली, तेव्हा अट घातली की पगार थेट कामगाराच्या बँक किंवा मोबाईल खात्यातच गेला पाहिजे. थोड्या दिवसांत लाखो खाती निघाली. शर्ट शिवणाऱ्या बाईच्या पगारासाठी अशी अट घालता येते. त्याच शर्टाचा कापूस वेचणाऱ्या आपल्या बाईसाठी मात्र कोणाचीच अट नाही. मालक ज्या नंबरवर सोपे, त्या नंबरवर टाकतो.

म्हणून कास्तकार बंधूंनो, मजुरी टाकण्याआधी एवढे विचारा, "बाई, हा नंबर कोणाचा?" तिच्याकडे मोबाईल नसला तरी अडत नाही. यूपीआयच्या ॲपमधून बँकेचा खाते क्रमांक आणि आयएफएससी टाकूनही पैसे जातात. तिने पासबुकाचे पहिले पान दाखवले की झाले. काढताना बँकेचा ग्राहक सेवा केंद्रवाला अंगठ्यावर रोख देतो, पोस्टमनही देतो. पूर्वी मनिऑर्डर आणणारा पोस्टमन आता मशीन आणतो. अंगठ्याची एक अडचण आहे खरी. वेचणीच्या दिवसांत बोंडाच्या टोकांनी बोटे सोलून निघतात आणि मशीन ठसा घेत नाही. दुसरे बोट लावून पाहा, एका अंगठ्यावर हटून बसू नका. किती निघाले याची पावती मागा, नाही तर दोन हजार काढून पंधराशे हाती देणारेही भेटतात.

ज्याचा फोन बटनाचा आहे त्याच्यासाठी मार्च २०२२ पासून यूपीआय १२३ पे आहे, इंटरनेटविना चालते. आपल्या भागात ते वापरणारे मला फार भेटले नाहीत. आम्हीच ते नीट सांगितलेले नाही.

आणखी एक. कापूस विकताना यूपीआयवर भिस्त ठेवू नका. माणसाने माणसाला दिवसाला १ लाखापर्यंतच पाठवता येतात. २० क्विंटल कापूस ७ हजारांच्या भावाने १ लाख ४० हजारांचा होतो. गाडी खाली झाल्यावर "आज एवढेच जाते, बाकी उद्या" हे ऐकण्यापेक्षा काट्याआधीच ठरवून घ्या. सीसीआयला द्यायचा असेल तर २०२५-२६ च्या हंगामात 'कपास किसान' ॲपवर नोंदणी होती आणि चुकारा आधार जोडलेल्या खात्यात. तिथेही नंबर चालू पाहिजेच. बैलबाजारात कोणी मोबाईलवर 'पैसे गेले' असे दाखवले तर त्याच्या मोबाईलकडे पाहू नका, आपल्या खात्याचा संदेश येईस्तोवर कासरा सोडू नका. पैसे घ्यायला पिन लागत नाही. पिन मागितला की समजा पैसे जाणार आहेत. गेलेच तर उशीर न करता १९३० ला फोन लावा.

त्या मावशीला पुढच्या सोमवारी मी तालुक्याला बँकेत नेले. तिचे जनधनचे खाते होते. त्याला जोडलेला नंबर निघाला तिच्या नवऱ्याचा. नवरा चार वर्षांपूर्वी वारला, सिम बंद पडले आणि तो नंबर कंपनीने दुसऱ्या कोणाला देऊन टाकला होता. इतके दिवस तिच्या खात्याचे संदेश कोण्या परक्या माणसाला जात होते. त्याने कधी काही केले नाही, हे तिचे नशीब. तिने आपल्या नावाने सिम घेतले, बटनाचा फोन घेतला, बँकेत अर्ज दिला, आधारचा नंबर बदलायला आणखी एक दिवस मोडला. दोन दिवसांची मजुरी यात गेली, तीही मोजली पाहिजे.

आता मालक पैसे टाकतो तेव्हा तिच्या कनवटीला फोन वाजतो. तिला वाचता येत नाही, नात वाचून दाखवते. बाजारापुरते पाचशे रुपये मात्र ती मालकाकडून अजूनही नगदीच मागून घेते.