न जुळणाऱ्या भागांच्या चार तऱ्हा

लेखमाला : आपला गेमिंग पीसी, आपली निवड
लेखांक ४

गेल्या लेखांकात बजेट ठरलं: कोणते गेम, कोणता मॉनिटर, आणि एकूण पैशातला किती वाटा ग्राफिक कार्डाला. आज खरेदीची यादी पक्की करायची. यादीतला प्रत्येक भाग नावाजलेला असला, तरी तो शेजारच्या भागाशी जुळेलच असं नाही. सुरतेच्या उधना, लिंबायत, डिंडोलीतल्या कित्येक मराठी घरांत असा पीसी येतो तो कापडाच्या धंद्यातल्या पगारातून आणि ओव्हरटाइममधून मागे टाकलेल्या पैशांवर. खोकं एकदा फोडलं की दुकानदार ते सहजासहजी परत घेत नाही. म्हणून सगळी जुळवाजुळव कागदावर करायची, आणि तीही बिल होण्याआधी.

न जुळणारे भाग चार तऱ्हांनी त्रास देतात. काही बसतच नाहीत. काही बसतात, पण पीसी सुरू होत नाही. काही सुरू होतात, पण पूर्ण ताकदीनं चालत नाहीत. आणि काही चालता चालता जळतात. पहिली तऱ्हा लगेच दिसते. पुढच्या कळायला उशीर होतो, आणि नुकसान त्या उशिरातच होतं.

बसतच नाही

प्रोसेसर आणि मदरबोर्डचं सॉकेट एकच हवं. एएमडीचं एएम५ सॉकेट सप्टेंबर २०२२ मध्ये आलं. त्यावर फक्त डीडीआर५ रॅम चालते. त्याआधीच्या एएम४ वर फक्त डीडीआर४. इंटेलच्या एलजीए १७०० सॉकेटवर बाराव्या ते चौदाव्या पिढीचे प्रोसेसर बसतात, पण तिथे रॅम बोर्डागणिक बदलते: एकाच चिपसेटचा एक बोर्ड डीडीआर४ चा, तर दुसरा डीडीआर५ चा. दोन्ही रॅमना २८८ पिना असल्या तरी मधली खाच वेगळ्या जागी असते. रॅम सहज बसत नसेल तर जोर लावू नका. आधी तिच्यावरचं लेबल वाचा.

कॅबिनेटचंही तसंच. एटीएक्स बोर्ड ३०५ बाय २४४ मिलिमीटरचा असतो, मायक्रो एटीएक्स २४४ बाय २४४ चा. ग्राफिक कार्डाची लांबी आणि कूलरची उंची कॅबिनेटच्या माहितीपत्रकाशी ताडून पाहा. डीपकूलचा एके४०० हा कूलर १५५ मिलिमीटर उंच आहे. अरुंद कॅबिनेटमध्ये तो बसवला तर बाजूची काच लागणार नाही.

बसतो, पण सुरू होत नाही

एएम५ चे पहिले बोर्ड २०२२ चे, आणि त्यांवर बसणारी रायझन ९००० मालिका ऑगस्ट २०२४ ची. दुकानात पडून राहिलेल्या जुन्या बोर्डाचं बायोस, म्हणजे पीसी सुरू करणारं बोर्डावरचं सॉफ्टवेअर, या नव्या प्रोसेसरला ओळखत नाही, आणि पडदा काळाच राहतो. बायोस अपडेट करूनच बोर्ड हाती द्या, असं दुकानदाराला सांगा. किंवा बायोस फ्लॅशबॅकचं बटण असलेला बोर्ड घ्या, म्हणजे प्रोसेसर न ओळखताही पेन ड्राइव्हवरून अपडेट होतो.

दुसरी गोष्ट प्रोसेसरच्या नावातल्या ‘एफ’ अक्षराची. रायझन ५ ७५००एफ सारख्या प्रोसेसरमध्ये अंगचं ग्राफिक्स नसतं, म्हणून ग्राफिक कार्डाशिवाय पडदा काळाच राहतो. ‘कार्ड दिवाळीला घेऊ, तोवर असंच चालवू’ असा विचार असेल, तर एफ घेऊ नका.

चालतो, पण पूर्ण ताकदीनं नाही

ही तऱ्हा सर्वांत जास्त घरांत सापडते, कारण तक्रार करावी असं काही दिसतच नाही. १६ जीबीची एकच रॅम लावली, तर प्रोसेसरला एकाच वाटेनं डेटा मिळतो. ८-८ च्या दोन घेतल्या तर दोन वाटा मोकळ्या होतात. बोर्डावर चार स्लॉट असतील, तर बहुतेक बोर्डांवर प्रोसेसरपासून मोजून दुसरा आणि चौथा वापरायचा. डीडीआर५ च्या पाकिटावर ६००० लिहिलेलं असतं, पण बायोसमध्ये एक्सपो किंवा एक्सएमपी हे रॅमचं प्रोफाइल चालू केल्याशिवाय ती ४८०० किंवा ५६०० च्याच वेगानं चालते.

सुरतेत आणखी दोन गोष्टी जुळवाव्या लागतात: उकाडा आणि कापडाचे तंतू. प्रोसेसर तापला की तो आपोआप वेग कमी करतो. समोर बंद काच असलेलं कॅबिनेट दिसतं छान, पण हवा आत घेत नाही. समोर जाळी आणि काढून धुता येणारं फिल्टर असलेलंच घ्या. लूमच्या कारखान्याशेजारी राहत असाल, तर ते फिल्टर दर महिन्याला साफ करा.

चालतो, आणि जळतो

इथे कंजुषी करू नका. आरटीएक्स ४०६० कार्ड ११५ वॅट घेतं, आणि त्याच्यासाठी एनव्हिडिया ५५० वॅटचा एसएमपीएस (पॉवर सप्लाय) सुचवते. कॅबिनेटसोबत फुकट मिळणाऱ्या बिननावाच्या एसएमपीएसवर असं कार्ड लावणं म्हणजे सगळ्यात महाग भाग सगळ्यात कच्च्या भागाच्या हवाली करणं.

त्याहून मोठा धोका सुट्या केबलींचा. मॉड्युलर एसएमपीएसच्या केबलीचं त्याच्या बाजूचं टोक कसं जोडायचं, याचा सर्वमान्य नियम नाही. एका कंपनीची केबल दुसऱ्या कंपनीच्या एसएमपीएसमध्ये नीट बसली, तरी तारांचा क्रम वेगळा असू शकतो, आणि बटण दाबताच हार्ड डिस्क किंवा बोर्ड जळू शकतो. जुन्या केबली जपून ठेवल्या असतील तरी नव्या एसएमपीएसला लावू नका. घरात अर्थिंग आहे का, तेही वायरमनकडून एकदा तपासून घ्या.

दिल्ली गेटजवळच्या दुकानातून कोटेशन आणा की ऑनलाइन यादी बनवा, त्यावर या पाच गोष्टी लिहून घ्या: सॉकेटचं नाव, रॅमची पिढी, बायोस अपडेट झालं की नाही, कार्डाची लांबी व कूलरची उंची, आणि एसएमपीएसचं पूर्ण मॉडेल. नुसतं ‘५५० वॅट’ लिहिलेलं चालवून घेऊ नका. बिल जीएसटीचं आणि प्रत्येक भागाच्या सीरियल नंबरसह मागा. वॉरंटीच्या वेळी तोच पुरावा.

पुढच्या लेखांकात एसएमपीएसचे वॅट कसे मोजायचे ते आकडेमोडीसह पाहू. तोवर कोटेशन कितीही घ्या, पण पैसे देऊ नका.