चिरेबंदी घरांची भूकंपसुरक्षा

जांभ्या दगडाच्या चिऱ्यांनी बांधलेल्या घरांना भूकंपाच्या आडव्या हादऱ्यांत टिकाव धरता यावा, यासाठी बांधकामात करावयाच्या योजनांना चिरेबंदी घरांची भूकंपसुरक्षा म्हणता येईल. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील देवगड, मालवण व वेंगुर्ले या किनारी तालुक्यांत अशी घरे मोठ्या प्रमाणावर आढळतात. आयएस १८९३ या भारतीय मानकाच्या २००२ च्या आवृत्तीतील नकाशात हा भाग मध्यम धोक्याच्या क्षेत्र ३ मध्ये येतो.

पूर्वीचे भूकंप

११ डिसेंबर १९६७ रोजी कोयनानगर परिसरात झालेल्या भूकंपात दगडी घरांची मोठी हानी झाली. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३:५६ वाजता किल्लारी (जि. लातूर) येथे सुमारे ६.२ तीव्रतेचा भूकंप झाला व सुमारे ८ हजार लोक मृत्युमुखी पडले. तेव्हा हा प्रदेश सर्वांत कमी धोक्याच्या क्षेत्र १ मध्ये गणला जात होता. २००२ मध्ये क्षेत्र १ रद्द करण्यात आले आणि किल्लारी परिसर क्षेत्र ३ मध्ये घेण्यात आला.

किल्लारीचे धडे

तेथील जाड भिंती अनघड दगड मातीत रचून बांधलेल्या होत्या. भिंतीचे आतील व बाहेरील थर जोडणारे आरपार दगड नसल्याने हादऱ्यांनी थर सुटले, भिंती फुगून कोसळल्या आणि धाब्याची जड माती झोपेतील माणसांवर आली. म्हणजेच भिंतीची जाडी नव्हे, तर तिची एकसंधता व हलके छप्पर महत्त्वाचे ठरते.

कोकणातील उपयोजन

घडीव चिऱ्यांचे सांधे एकमेकांत नीट बसतात आणि कौलारू छप्पर धाब्यापेक्षा हलके असते; ही या घरांची जमेची बाजू होय. मात्र मातीतील जोडकाम, कोपऱ्यांतील सैल सांधे आणि छपराच्या टोकांकडील उंच त्रिकोणी भिंती दुर्बल ठरतात. त्यासाठी पुढील उपाय केले जातात :

- जोते, दारे-खिडक्यांचा माथा व छप्पर या पातळ्यांवर सर्व भिंतींवरून फिरणारा सलोह काँक्रीटचा सलग पट्टा
- कोपऱ्यांत उभ्या सळया
- दारे-खिडक्या कोपऱ्यांपासून दूर ठेवणे
- छपराचे वासे व तुळया भिंतीवरील पट्ट्याला पक्क्या जोडणे

नव्या इमारती

२६ जानेवारी २००१ च्या भूज भूकंपात दूरच्या अहमदाबादेतही वाहनतळासाठी तळमजला मोकळा ठेवलेल्या बहुमजली इमारती कोसळल्या. भिंतींअभावी तळमजल्याचे खांब वरच्या मजल्यांच्या तुलनेत लवचिक राहतात व हादऱ्याचा भार त्यांच्यावरच एकवटतो. अशा खांबांत रिंगा जवळजवळ बसवून त्यांची टोके १३५ अंशांत आत वळवावी लागतात. किनाऱ्यावर खाऱ्या हवेने सळया गंजतात. म्हणून सळयांवर काँक्रीटचे पुरेसे आवरण ठेवणे आणि न धुतलेली समुद्राची वाळू टाळणे आवश्यक असते.